अर्ध्या बळाने

मेंदूत गाठ निघते, ऑपरेशन होते, तपासणीत गाठ कॅन्सरची ठरते, रेडिएशन होते, गोळ्या सुरू होतात आणि माणूस घरी येतो. नायगावसारख्या तालुक्याच्या गावात त्यानंतरचे दिवस कसे जाणार, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते. ओसरीवर किंवा लिंबाच्या सावलीला बाज पडते. पाणी हातात मिळते, ताट समोर येते, चपलासुद्धा कुणीतरी पायाशी आणून ठेवते. घरातला प्रत्येक जण आपापल्या शब्दांत एकच सांगत असतो : तुम्ही हलू नका, आम्ही आहोत ना. या बोलण्यातल्या मायेबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. तरी त्याच्या पोटात एक निर्णय दडलेला आहे. या देहाकडून आता काही व्हायचे नाही, याने फक्त जपले जायचे, असा तो निर्णय आहे. तो बरोबर आहे का, हा प्रश्न डॉक्टरांचा आहे तितकाच तत्त्वविचाराचा आणि धर्माचाही आहे. ज्या देहाचे दिवस थोडे उरले आहेत, त्याने रोज उठून चालावे, हातपाय ताणावेत, घाम येईपर्यंत श्रम करावेत, हा मोह म्हणायचा की कर्तव्य? मला ते कर्तव्य वाटते, आणि त्याहून अधिक म्हणजे तो रुग्णाचा हक्क वाटतो. मात्र त्याला एक अट आहे. ती अट पुराव्यातूनच निघते, म्हणून आधी पुरावा पाहू.

मेंदूच्या कॅन्सरमधला सर्वांत आक्रमक आणि मोठ्यांमध्ये वारंवार दिसणारा प्रकार म्हणजे ग्लिओब्लास्टोमा. 2005 साली युरोप आणि कॅनडातल्या 573 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातून आजची उपचारपद्धती रूढ झाली : शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. त्या अभ्यासात नुसत्या रेडिएशनवर मध्यम आयुर्मान 12.1 महिने होते, गोळ्यांची जोड दिल्यावर ते 14.6 झाले. म्हणजे जगभर गाजलेली ती प्रगती अडीच महिन्यांची होती. हे आकडे निराश करण्यासाठी सांगत नाही. काही जण याहून खूप जास्त जगतात, आणि मंद वाढणाऱ्या गाठींचे रुग्ण तर अनेक वर्षे. पण या आजारात व्यायामाची गोष्ट काढताना समोर काय उभे आहे, ते झाकून ठेवता येत नाही. गुडघेदुखीच्या किंवा साखरेच्या माणसाला आपण ‘चाला म्हणजे बरे वाटेल’ असे सहज सांगतो. इथे ते वाक्य तसेच्या तसे उचलून ठेवता येणार नाही.

शिवाय हा आजार इतर कॅन्सरपेक्षा एका बाबतीत वेगळा आहे, आणि तत्त्वज्ञानाचा खरा पेच तिथेच आहे. पोटात किंवा छातीत गाठ असलेला माणूस ‘देहाला झाले आहे, मला नाही’ असे म्हणू शकतो. आपल्याकडे हा आधार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मेंदूतली गाठ हा आधारच हलवते. शब्द सापडत नाहीत, नातवाचे नाव ओठांवर येऊन अडते, शांत स्वभावाचा माणूस एकाएकी चिडू लागतो, सकाळी ठरवलेले दुपारी आठवत नाही. मग ‘मी’ म्हणून उरले ते कोण? गीतेच्या तेराव्या अध्यायातला क्षेत्र म्हणजे शेत आणि क्षेत्रज्ञ म्हणजे ते जाणणारा हा विचार इथे नीट वाचला पाहिजे, कारण बहुतेकांच्या मनात त्याचे अर्धेच रूप असते. क्षेत्र म्हणजे हाडामांसाचे शरीर आणि क्षेत्रज्ञ म्हणजे आपले मन, आपली बुद्धी, असे आपण धरून चालतो. गीता तसे म्हणत नाही. ती बुद्धी क्षेत्रात मोजते, अहंकार क्षेत्रात मोजते, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, इतकेच काय, धृतीसुद्धा क्षेत्रातच मोजते. ज्ञानेश्वरांनी हा भाग मराठीत विस्ताराने उलगडला आहे. याचा अर्थ असा की मेंदूला झालेला आजारही शेतालाच झालेला आजार आहे. आठवण गेली म्हणून शेत जाणणारा गेला, असे ठरत नाही. घरच्यांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते : बोलणे अडखळते म्हणून या माणसाला विचारायचे बंद करता येत नाही, आणि त्याच्या वतीने सगळे ठरवून त्याला बाजेवर ठेवून देता येत नाही. शेत खराब झाले तरी ते ज्याचे आहे त्याचेच असते. त्यात उतरायचे की बांधावर बसायचे, हे त्याने सांगायचे.

आता विश्रांतीचे पाहू. ‘पडून राहा’ हा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण या आजारात त्याची किंमत मोठी आहे. मेंदूची सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन नावाचे स्टिरॉइड दिले जाते. ते लागतेच, पण जास्त दिवस चालले की मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू झिजवते. ज्या घरात जमिनीवर बसून जेवतात आणि उकिडवे बसायचा संडास असतो, तिथे मांडीचा जोर जाणे म्हणजे दिवसातून दहा वेळा दुसऱ्याच्या हाताची गरज पडणे. त्यात अंथरुणाला खिळणे आले की उरलेला जोरही उतरतो. या गाठींच्या रुग्णांत पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मुळात जास्त असतो, आणि निपचित पडून राहण्याने त्याला खतपाणी मिळते. कॅन्सरचा थकवाही निराळाच आहे. शेतात राबून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने जातो, हा झोपेने जात नाही. सगळ्या प्रकारच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेले अभ्यास एकत्र ठेवून अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी 2019 साली जो निष्कर्ष मांडला, तो असा : आठवड्यातून तीनदा, साधारण अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि जोडीला स्नायूंना ताकद देणारा थोडा व्यायाम, असे दोन-तीन महिने केले तर थकवा, चिंता, नैराश्य कमी होते आणि रोजची कामे करण्याची क्षमता सुधारते. मेंदूच्या गाठींवर वेगळे प्रयोग कमी झाले, पण झाले. नेदरलँड्समध्ये आजार स्थिर असलेल्या 34 रुग्णांवर सहा महिने प्रयोग झाला. व्यायाम करणाऱ्यांनी घरीच, आठवड्यातून तीनदा, दूरवरून मिळणाऱ्या मार्गदर्शनावर तो केला. त्यांचा दमसास वाढला. लक्ष, स्मरण, थकवा, झोप आणि मनःस्थिती यांच्या काही चाचण्यांतही सुधारणेच्या खुणा दिसल्या. 34 ही संख्या फार लहान आहे आणि त्यावर मोठा इमला बांधता येणार नाही. एवढे मात्र त्यातून नक्की कळते की मेंदूची गाठ असलेला माणूस व्यायाम करू शकतो.

पुराव्यातला सर्वांत मोहात पाडणारा आकडा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा आहे, आणि तो जपूनच हातात घ्यायला हवा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गाठ उलटलेले 243 रुग्ण होते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालण्याएवढा किंवा त्याहून जास्त व्यायाम आपण करतो, असे ज्यांनी सांगितले त्यांचे मध्यम आयुर्मान सुमारे 21.8 महिने निघाले. ज्यांचा व्यायाम त्याहून कमी होता, त्यांचे सुमारे 13. हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की चाला आणि आठ-नऊ महिने मिळवा. पण ज्याची गाठ कमी त्रास देते तोच जास्त चालू शकतो, हेही तितकेच शक्य आहे. चालण्याने आयुष्य वाढले की आयुष्य उरले होते म्हणून चालणे जमले, हे असा अभ्यास सांगू शकत नाही. आतड्याच्या कॅन्सरमध्ये 2025 साली एक मोठा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात 889 रुग्ण होते आणि तीन वर्षांच्या मार्गदर्शित व्यायामाने रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण खरोखर घटले. म्हणजे अशी गोष्ट शक्य आहे. पण आतड्याचा पुरावा मेंदूच्या नावावर खपवणे हा अप्रामाणिकपणा ठरेल.

वर म्हटलेली अट इथून येते. या रुग्णाला व्यायाम आयुष्याच्या बोलीवर देऊ नये. निष्काम कर्माची शिकवण आपण भाषणांत इतकी वापरली आहे की तिची धार गेल्यासारखी वाटते. या बाजेशी मात्र ती अक्षरशः लागू पडते, आणि तीही माणुसकीच्या कारणाने. व्यायामाला महिन्यांची बोली लावली, की स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसल्याच्या दिवशी घरात कुणीतरी मनात म्हणणार : गेल्या महिन्यात यांनी चालणे सोडले होते. रुग्ण स्वतःही ते म्हणेल. म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आळसाचा आरोपही बसला. व्यायामाच्या प्रचारावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, की तो आजाऱ्यालाच आजाराला जबाबदार ठरवतो. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. त्याचे उत्तर व्यायाम सोडण्यात नाही, बोली सोडण्यात आहे. कुणी विचारेल, फळ सांगायचे नाही तर माणसाने उठावे कशासाठी? पण फळे दोन प्रकारची असतात. एक दूरचे, कृती संपल्यावर मिळेल न मिळेल असे. दुसरे कृतीतच असणारे. आधाराशिवाय बाजेवरून उठणे हे उठण्याचे नंतर मिळणारे बक्षीस नव्हे, ते उठणेच आहे. दारापर्यंत जाऊन रस्ता पाहणे, येणाऱ्याजाणाऱ्याचा रामराम घेणे, हे चालण्यातच आहे. ते त्या दिवशी मिळाले की मिळाले, उद्याच्या स्कॅनला ते परत घेता येत नाही.

‘प्रारब्धाचा भोग आहे, भोगूनच संपणार’ असे म्हणून हात जोडून बसणाऱ्यांना त्यांच्याच सिद्धान्तातले उत्तर आहे. परंपरा कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग करते. सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध. क्रियमाण म्हणजे आता या क्षणी हातून होणारे, आणि ते जिवंत माणसाकडून कुणी काढून घेतलेले नाही. प्रारब्धाच्या नावाने क्रियमाणही सोडून देणे हा सिद्धान्ताचा अर्धा वापर झाला. त्याहून मला खटकते ते भोगाच्या मागून येणारे पापाचे सूचन. कोणत्या पापाचे फळ, अशी कुजबुज रुग्णाच्या कानावर जातेच. मेंदूच्या गाठींची ठाऊक असलेली कारणे फार थोडी आहेत : डोक्यावर पूर्वी मोठ्या मात्रेत झालेले रेडिएशन आणि काही दुर्मीळ आनुवंशिक विकार. बहुतेक रुग्णांत कसलेच कारण सापडत नाही. जिथे कारणच सापडत नाही, तिथे गुन्हेगार शोधणे कुठल्याही धर्माला शोभत नाही.

वैराग्याचा आक्षेप अधिक खोल आहे. संतांनी देहाला नाशवंत म्हटले, घाणीचा म्हटले, त्याचा लोभ सोडा म्हणून कळवळून सांगितले. मग शेवटच्या दिवसांत नाम घ्यायचे सोडून मांड्या बळकट करत बसायचे? पण ती वचने कुणाला उद्देशून आहेत ते पाहावे. ती धडधाकट माणसाच्या गर्वाला उद्देशून आहेत. ज्याचा देह आधीच त्याच्या हातून निसटतो आहे, त्याला देहाची नश्वरता शिकवायची गरज नाही, ती त्याला आपल्यापेक्षा चांगली कळते. आणि त्याच संतांच्या परंपरेत भक्ती देहाच्या श्रमाबाहेर कधी राहिलीच नाही. इथून जवळच्या गंगाखेडच्या जनाबाईंची सगळी भक्ती दळणाकांडणात आहे. जात्याचा खुंटा सोडून त्यांना नाम घ्यावे लागले नाही. वारीत पायांना वगळले तर काय उरते, हे कुणाही माळकऱ्याला विचारावे.

मला मात्र या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर वारकऱ्यांच्या शेजारच्या परंपरेत सापडते. नांदेड-लातूरच्या गावागावांत लिंगायत घरे आहेत. बाराव्या शतकातल्या बसवण्णांची कर्मभूमी असलेले बसवकल्याण आपल्या सीमेला लागूनच, बिदर जिल्ह्यात आहे, आणि मराठीत ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींच्या कपिलधारला इकडून दरवर्षी लोक जातात. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनात देहालाच देऊळ मानले आहे, आणि तिथे स्थावर व जंगम असा भेद येतो : जे उभारून ठेवले आहे ते पडणारे, जे चालते आहे ते टिकणारे. श्रीमंतांच्या दगडी देवळासमोर गरिबाने आपला चालताबोलता देह ठेवला, असा त्या विचाराचा रोख आहे. तो टिकणारा देह शंभर वर्षे जगणारा देह नव्हे, हे उघड आहे. टिकण्याचा संबंध इथे वर्षांशी नसून चालतेपणाशी आहे. आजारी माणसाला आपण मायेपोटी स्थावर करतो. त्याला एका जागी बसवतो, त्याच्यापुढे ताट ठेवतो, भेटायला येणारे हात जोडून जातात, आणि तो मनुष्य हळूहळू घरातली मूर्ती होतो. त्याला जंगम राहू देणे, दहा पावलांपुरते का होईना, यात देहाचा मोह नाही, देहाचा आदर आहे.

बसवण्णांच्याच कायक, म्हणजे श्रम हीच पूजा, या कल्पनेवरून एक अस्सल गावरान आक्षेप समोर येतो, आणि शहरातल्या लेखांत त्याचा विचार झालेला मला दिसत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे कापूस वेचला, सोयाबीनच्या ओळी खुरपल्या, डोक्यावरून पाणी आणले, त्याला किंवा तिला ‘व्यायाम करा’ हे शब्दच परके वाटतात. शरीर हलते ते कामासाठी. ज्यातून धान्य येत नाही, पैसा येत नाही, असे हातपाय हलवणे ही ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांची चैन. शिवाय ‘आयुष्यभर कष्ट केले, आता तरी बसू द्या’ हे म्हणणे अगदी न्याय्य आहे. विशेषतः बाईच्या तोंडून ते आले तर त्यापुढे वाद घालायचा मला धीर होणार नाही. बसावेसे वाटते त्याला बसू द्यावे. पण कष्टकऱ्याच्या जगात काम गेले की पत जाते, हेही तितकेच खरे आहे. ‘बसून खाणारा’ ही इथली शिवी आहे, आणि आजारी माणूस ती स्वतःला रोज देत असतो. म्हणून त्याच्या व्यायामाला कामाचे रूप देता आले तर ते देशी शहाणपण ठरेल. सुपात तूर निवडणे बोटांना आणि नजरेला लागणारे काम आहे. गोठ्यापर्यंत जाऊन वासराच्या पाठीवर हात फिरवून येणे म्हणजे चालणे. बाजेवरून सलग पाच वेळा उठून पुन्हा बसणे म्हणजे स्टिरॉइडने झिजलेल्या मांड्यांना नेमका हवा असलेला व्यायाम. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरसारख्या सेवेत भाजी निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंत कामे असतात, आणि ज्याला जे झेपेल ते त्याने करायचे असते. बसल्या जागी लसूण सोलणाऱ्याला कुणी कमी सेवेकरी म्हणत नाही. घराने हा कित्ता गिरवावा.

धोके खरे आहेत आणि ते आडपडद्याशिवाय सांगितले पाहिजेत. फिट येऊ शकते, म्हणून एकट्याने विहिरीकडे, तळ्याकडे, माळवदावर जाणे नाही. एक बाजू लुळी असेल किंवा तोल जात असेल तर मोकळ्या बाजूने नव्हे, लुळ्या बाजूने आधार देत कुणी सोबत चालावे. गोळ्यांच्या काळात रक्तातल्या प्लेटलेट कमी झालेल्या असल्या तर पडणे महागात जाते, तेव्हा रिपोर्ट पाहून डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर करू नये. पायाला एकाएकी सूज, नवी डोकेदुखी, उलटी, नव्याने आलेला अशक्तपणा यांपैकी काही झाले तर व्यायाम थांबवून दवाखाना. आणि किती करायचे याला आपल्याकडे फार जुने माप आहे. आयुर्वेदातले वाग्भट आणि सुश्रुत दोघेही व्यायाम अर्ध्या बळाने करावा असे सांगतात. अर्धे बळ ओळखायचे कसे, तेही सुश्रुताने सांगून ठेवले आहे : श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला की समजावे, अर्धे झाले. आजचे फिजिओथेरपिस्ट चालता चालता बोलता आले पाहिजे असे सांगतात, ते जवळपास हेच. याच ग्रंथकारांनी अगदी क्षीण झालेल्याला व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, असे कुणी दाखवून देईल, आणि ते खरे आहे. पण त्यांच्यासमोर मल्लाचा, घाम गाळणारा व्यायाम होता. आपण बोलतो आहोत ते ओसरीपासून फाटकापर्यंतच्या चालण्याबद्दल. अर्ध्या बळाचा नियम इथे अधिकच शोभतो, कारण तो माणसाला दुसऱ्याशी तोलत नाही. ज्याचे आज जेवढे बळ, त्याच्या अर्धे. उद्या बळ उतरले तर अर्धेही उतरेल आणि नियम मोडल्याची लाज वाटणार नाही.

हे सगळे शहरातल्यांना ठीक, नायगावात कोण शिकवणार, असे म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. नांदेड-देगलूर-हैदराबाद रस्त्यावरचे हे गाव. ऑपरेशनसाठी कुणी नांदेडला जातो, कुणी हैदराबादला, कुणी रात्रीच्या गाडीने मुंबईला टाटा हॉस्पिटलला. 2012 साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होता. आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेमुळे शस्त्रक्रिया आणि रेडिएशनच्या खर्चाला मोठा आधार मिळतो. पण उपचारांचा विचार हॉस्पिटलच्या दारातून बाहेर पडताच संपतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पुढची तारीख असते. हा माणूस उद्या सकाळी किती चालणार, ते कुठेच नसते. त्या कार्डावर दोन ओळी वाढवायला पैसा लागत नाही : काय करावे, कशापासून जपावे. सुट्टी होण्याआधी तिथल्या फिजिओथेरपिस्टने घरातल्या एका माणसाला अर्धा तास हाताने शिकवावे, आणि नंतर महिन्यातून एकदा फोनवर विचारावे. दूरवरून मार्गदर्शन करता येते, हे त्या 34 जणांच्या प्रयोगाने दाखवलेच आहे. हे दान म्हणून मागायचे नाही, उपचाराचाच भाग म्हणून मागायचे आहे.

आणि तो दिवसही येतो, जेव्हा पाय उचलत नाहीत, दिवसाचा बराच वेळ झोपेत जातो आणि अर्धे बळ म्हणजे फक्त बोटे मिटून उघडणे उरते. तेव्हा चला म्हणणारे क्रूर ठरतील, आणि त्या दिवशी व्यायामाचा आग्रह पूर्ण सोडला पाहिजे, तोही रुग्णाने मागण्याआधी. पण हालचाल संपत नाही, ती दुसऱ्याच्या हातात जाते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. खांदा, कोपर, गुडघा, घोटा हळूहळू वाकवून सरळ करावे लागतात, नाहीतर सांधे आखडून अंग पुसणेही वेदनेचे होते. हे करताना आधी सांगावे : आता उजवा हात उचलते आहे, आता कुशीवर वळवतो आहे. उत्तर येईल असे नाही. तरी हात त्याचा आहे, म्हणून विचारायचे, आणि त्याच्या बोटांनी थोडा जरी जोर लावला तरी आपला जोर तेवढा कमी करायचा.